आधी अंग, मग दागिना



या व्याख्यानाच्या पत्रिकेवर बाईंचं पूर्ण नाव आणि हुद्दा छापलाय. मी त्यांना आयुष्यभर नुसतं 'बाई' म्हणत आले, आजही तसंच म्हणणार आहे. कल्याणच्या एका शाळेत त्या आम्हाला चित्रकला शिकवायच्या. आठवड्याला दोन तास, आणि गणिताच्या सरांचा पोर्शन राहिला असेल तर एकच. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की मात्र शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या. मग त्यांची गाडी चुकायची. त्या डोंबिवलीला राहायच्या, म्हणजे गाडी फार लांबची नव्हती, पण चुकायची.

या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तरी त्या परीक्षा दिल्या असतील. स्मरणचित्राचा पेपर आठवून बघा. विषय ठरलेले: भाजीबाजार, पाणवठा, रेल्वेचा फलाट, गणपतीची मिरवणूक. प्रत्येकाच्या चित्रात एक बाई असायचीच, डोक्यावर हंडा नाहीतर हातात पिशवी. तिला चेहरा नसायचा, कारण चेहरा जमायचा नाही आणि वेळ संपत आलेला असायचा. पण त्या कोऱ्या तांबूस गोळ्यावर लाल ठिपका मात्र कोणी विसरायचं नाही. नाक नाही, डोळे नाहीत, कुंकू आहे.

बाईंचा एक नियम होता. आधी अंग, मग दागिना. आम्ही मुली बाईचं चित्र काढायला बसलो की पहिल्यांदा गजरा, नथ, बांगड्या काढायचो आणि उरलेल्या जागेत बाई बसवायचो. त्या खोडरबर घेऊन सगळं पुसून टाकायच्या. म्हणायच्या, हार छातीवरून ओघळतो, बांगडी मनगटाच्या हाडावर अडते, नथ नाकपुडीला खाली ओढते. खाली अंगच नसेल तर दागिना हवेत लटकतो. तेराव्या वर्षी मला हा निव्वळ ड्रॉइंगचा नियम वाटला होता. तो नीट कळायला पुढची तीस वर्षं गेली. आजचं व्याख्यान त्या एका नियमाचं आहे, फक्त दागिन्याच्या जागी मी धर्माचं चिन्ह ठेवणार आहे. मुकुट, कमळ, मळवट, प्रभावळ, क्रूस, जे म्हणाल ते. बाईच्या दुखण्यापाशी हे चिन्ह येतं तेव्हा चित्रात काय होतं? ते तिच्या अंगावरून ओघळतं, की अंगच नाहीसं होऊन चिन्ह तेवढं लटकत राहतं?

संयोजकांनी फोनवर विचारलं होतं, विषयातला 'स्त्रीदेह' हा शब्द जरा सौम्य करता येईल का? मी म्हटलं, 'बाईचं अंग' छापा. मग ते म्हणाले, राहू दे, स्त्रीदेहच बरा.

सुरुवात अजिंठ्यापासून करते. सोळा क्रमांकाचं लेणं. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ते करवून घेतलं. आत गाइड टॉर्चचा गोल भिंतीवर फिरवतो, एका जागी थांबवतो आणि म्हणतो, ही मरणोन्मुख राजकन्या. नाव चुकीचं आहे, पण ते आता तिला चिकटलंय. ती मरत नाहीये. ती सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. अश्वघोषाने संस्कृतात तिची गोष्ट सविस्तर सांगितली आहे. नवराबायको शृंगार करत बसलेले असताना बुद्ध दारी येऊन भिक्षा न मिळताच परत जातो. नंदाला ओशाळल्यासारखं होतं, तो मागे धावायला निघतो. सुंदरी त्याला सोडते, पण एका अटीवर: माझ्या गालावरची ही ओली नक्षी वाळायच्या आत परत ये. तो येत नाही. त्याचं मुंडन होतं, त्याला दीक्षा मिळते. घरी परत येतो तो त्याचा मुकुट, नोकराच्या हातात.

भिंतीवर तो क्षण आहे. तिची मान कललीय, पापण्या अर्ध्या मिटल्यात, हातापायांतला जोर गेलाय. मागून एक दासी तिला सावरून धरते. दुसरी तिच्या तोंडाकडे निरखून बघते, आजाऱ्याकडे घरातली बाई बघते तसं. चित्र काळवंडलंय, कितीतरी ठिकाणी पोपडे गेलेत, तरी मानेच्या कलण्यातली ती सैल रेष अजून शाबूत आहे. मी चौथ्यांदा गेले होते तेव्हा शेजारी एक आजी होत्या, सहलीबरोबर आलेल्या. गाइडचं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हिला भोवळ आली वाटतं. कांदा धरा नाकाशी." माझ्या मते त्या चित्राची याहून चांगली समीक्षा झालेली नाही.

हे लेणं म्हणजे विहार. भिक्खू इथे राहत. ज्यांनी घरं सोडली, त्यांच्या राहत्या जागेच्या भिंतीवर घर सोडण्याच्या थोरवीची गोष्ट रंगवायची होती. गोष्ट नंदाची, विजय धर्माचा, आणि उतरवलेला मुकुट हे त्या विजयाचं चिन्ह. रंगाऱ्याने ते चिन्ह नेमकं काढलं. पण ते नेऊन ठेवलं अशा जागी, की त्याचा भार एका बाईच्या मानेवर पडला. त्या चिताऱ्याचं नाव आपल्याकडे नाही. गेरू, पिवळी माती, काजळी आणि बाहेरून आलेला लाजवर्द, एवढ्यावर त्याने मोक्षाची किंमत भिंतीवर मांडली आणि ती कोणी मोजली तेही. रोज ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना समोर ही बाई दिसत असणार. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी एखादी नक्षी वाळली असेल!

पुढचं ऐका. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करत राहिले. दुःख चेहऱ्यावर आणण्यात इटलीचे उस्तादही या चित्राच्या पुढे जाणार नाहीत, असं त्यांचं मत होतं. प्रत नीट करता यावी म्हणून मूळ भिंतीवर त्यांनी व्हार्निश फासलं. रंग तेवढ्यापुरते उजळले आणि मग व्हार्निश पिवळं-तपकिरी पडत गेलं. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. कौतुक करणाऱ्यांनीच सुंदरीवर थर चढवला. हे मी ग्रिफिथ्सना दोष द्यायला सांगत नाही. त्यांच्याइतकं प्रेम त्या भिंतींवर त्या काळी आपल्यापैकी कोणी केलं नव्हतं. पण चिन्हांचंही असंच होतं, म्हणून सांगितलं.

आता थोडं भराभर. आपल्या मुलखात बाईचं अंग धर्मात आलं ते बहुतेक वेळा अर्धंच आलं. इनामगावला, पुणे जिल्ह्यात, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मातीच्या पेटीत ठेवलेली एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तीन हजार वर्षांहून जुनी, आणि तिला डोकं नाही. तेरला आणि इतरत्र सापडणारी लज्जागौरी: डोक्याच्या जागी कमळ, गुडघे वर, पाय फाकलेले, बाळंत होणाऱ्या बाईची बैठक. मूल व्हावं म्हणून बायकांनी तिला तेलतूप घातलं. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाचून माझ्या मनात एकच उरलं: बाळंतकळांचा चेहरा कोणी घडवला नाही, तिथे कमळ बसवलं. उलट माहूरला जा. तिथे रेणुकेचं नुसतं मुख आहे, शेंदराने माखलेलं. बापाच्या सांगण्यावरून मुलाने आईचं डोकं उडवलं ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि मुलाच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक करून पुढे जातो. आणि गावोगावच्या सतीशिळा तर तुम्ही पाहिल्याच असतील. दगडावर कोपरात वाकलेला एक हात, हातात बांगड्या, कधी मुठीत लिंबू. बाकी बाई नाही. चितेवर अंग जळलं आणि बांगडी तेवढी दगडात राहिली. बाईंचा नियम इतका क्रूरपणे उलटा झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

अंबरनाथच्या देवळात आम्ही शाळेतून स्केचिंगला जायचो. शिलाहार राजा मामवाणीच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे १०६० सालचं देऊळ. वालधुनीच्या वासाने डोकं उठायचं; पाण्याचा रंग कारखान्यांवर ठरायचा. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पार झिजल्यात. कुठे चेहरा गेलाय, कुठे हात, पण कमरेतली मुरड राहिलीय. बाई म्हणायच्या, दागिने बघू नका, ते सगळ्यांना दिसतात. कुठल्या पायावर भार आहे ते सांगा. आम्ही तासभर दगडी बायकांचे भाराचे पाय ओळखत बसायचो. एक मुलगी म्हणाली, बाई, हिचा दुखरा पाय कोणता? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेही कळतं, बघ नीट.

आता आपल्या लाइनवर येते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली हे इथल्या पोरांना पाठ असतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, हे तितकं पाठ नसतं. मळवलीचा माल मुंबईच्या बाजारात जायचा तर कल्याण-ठाण्यावरूनच. म्हणजे छापील लक्ष्मी आणि सरस्वती गठ्ठ्यांत बांधून आपल्याच स्टेशनांतून गेल्या असणार. एकेका रंगाला वेगळा दगड, एकावर एक ठसे, असं करत ती रंगीत देवी तयार व्हायची. ती घराघरांत गेली, आणि घरातल्या बायकांनी तिच्यावर खरी जर शिवली, खऱ्या टिकल्या चिकटवल्या. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात अशी एक लक्ष्मी होती. फोडणीच्या वाफेने चेहरा पिवळा पडलेला, पण जर चकाकत होती. दहाबारा वर्षांत चेहरा जवळजवळ गेला आणि दागिना राहिला. मी बाईंना दाखवलं तेव्हा म्हणाल्या, बघ, इथेही!

रविवर्म्यांवर टीका करणं आता सोपं झालंय. कॅलेंडरछाप, नाटकी, वगैरे. मला ती टीका अर्धीच पटते. त्यांच्या मूळ तैलचित्रांत दागिन्याला वजन आहे. कीचकाकडे जायला भाग पाडलेली सैरंध्री, म्हणजे द्रौपदी, घ्या. राजवाड्याचा हुकूम आहे, हातात भांडं आहे, आणि ती रडतेय. बडोद्याच्या महाराजांकडच्या पौराणिक चित्रांत वस्त्रहरण आहे, सीतेचं धरणीत जाणंही. या गोष्टी आपल्या घरांत पोथीतून ऐकल्या जायच्या, आणि पोथीत ऐकणाऱ्याला पुढचं ठाऊक असतं: कृष्ण येणार, भीम सूड घेणार. चित्रात पुढचं नसतं. चित्रात ती बाई तिथेच उभी राहते, भांडं हातात घेऊन. रविवर्म्यांनी हा थांबलेला क्षण आपल्याला दिला. पुढे आपण त्याचं काय केलं, तो दोष त्यांचा नाही.

पुढे असं झालं. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांनी द्रौपदीत भारत पाहिला आणि कीचकात कर्झन. सरकारनेही तेच पाहिलं आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. त्याच्या थोडं आधी, १९०५ साली, बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमाता रंगवली: भगव्या वस्त्रातली, चार हातांची, हातांत धान्याची लोंबी, पोथी, वस्त्र आणि माळ. एका बाईची विटंबना देशाची विटंबना झाली. स्वातंत्र्याच्या लढ्याला त्याची गरज होती, मी नाकारत नाही. पण त्या दिवसापासून सैरंध्रीला स्वतःचं दुखणं राहिलं नाही. ती रडली की आपण लगेच विचारतो, हे कोणाचं प्रतीक? कल्याणच्या दुर्गाडीवर नवरात्रात रांग लागते. पलीकडे डोंबिवली स्टेशनवर बायका त्या दिवसाच्या ठरलेल्या रंगाची साडी नेसून गाडीत चढतात, सबंध डबा पिवळा नाहीतर मोरपंखी. सुंदर दिसतं, मीही नेसते. पण देवीचा रंग अंगावर घेऊन दारात एका पायावर लटकणारीचा दुखरा पाय त्या रंगात दिसत नाही, हेही खरं.

मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, हे आपण सोयीने विसरतो. १९१५ चा जन्म. ते तान्हे असतानाच आई गेली. आईचा चेहरा आठवत नाही, ही गोष्ट त्यांनी पुन्हापुन्हा सांगितली. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना चेहरा नाही. मदर तेरेसांची मालिका बघा: पांढऱ्या साडीचे निळे काठ, मांडीवर आडवं पडलेलं अंग, आणि साडीच्या आत काळोख. इटलीतल्या शिल्पांत मेलेल्या ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली मेरी असते, तीच बैठक. पण हुसेनांनी मुलाचंही नाव पुसलं आणि आईचंही. स्मरणचित्राच्या पेपरातली बाई चेहरा जमला नाही म्हणून कोरी राहते. हुसेनांची बाई चेहरा आठवत नाही म्हणून कोरी राहते. दोन्ही कोऱ्या जागा सारख्याच दिसतात, पण एकीत वेळ संपलेला असतो आणि दुसरीत आई.

त्यांच्या सरस्वतीबद्दल, भारतमातेबद्दल जे घडलं ते तुम्हाला माहीत आहे. जुनी रेखाटनं १९९६ साली वादात आली, १९९८ साली मुंबईत त्यांच्या घरावर हल्ला झाला, २००६ साली ते देशाबाहेर गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी ते परतले नाहीत. जून २०११ मध्ये लंडनला वारले. मी इथे वकिली करणार नाही. ज्यांना ती चित्रं पाहून खरंच वाईट वाटलं अशी साधी माणसं माझ्या घरात होती, त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. मला फक्त एवढं दिसतं, की त्या भांडणात दोन्हीकडचे लोक देवीच्या वस्त्राबद्दल बोलत होते. अंगाबद्दल कोणीच बोललं नाही.

हे जुनंच आहे. अकबर पदमसींवर १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रेमिकांच्या चित्रांवरून खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच पदमसींची आणि गोव्याच्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझांची मिळून सात चित्रं कस्टमने अश्लील म्हणून अडवली होती, ती सोडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे कोर्टाला पुन्हा एकदा सांगावं लागलं. मधल्या काळात डोंबिवलीच्या रवी जाधवांनी, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसणाऱ्या मॉडेलवर, 'न्यूड' नावाचा सिनेमा केला. तो २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातल्या इंडियन पॅनोरमातून ऐनवेळी काढला गेला आणि पुढच्या वर्षी थेटरात लागला.

मॉडेलवरून आठवलं. जे. जे. मध्ये नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला तो ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ साली. आमच्या कॉलेजात, ते कुठलं ते सोडा, पहिल्या दिवशी आलेल्या बाई चाळिशीच्या होत्या. सगळं उतरवून स्टुलावर बसल्या, गळ्यात मंगळसूत्र तेवढं राहिलं. सर आम्हाला म्हणाले, "मंगळसूत्र काढू नका." त्या बाई दचकून म्हणाल्या, "मी कुठं काढतेय?" सगळा वर्ग हसला. सरांना म्हणायचं होतं, कागदावर काढू नका, अभ्यासात व्यत्यय येतो. मी काढलं. सरांनी लाल पेन्सिलने त्यावर फुली मारली. ती फुली अजून त्या कागदावर आहे.

आता जरा ठाण्याला. मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. आपण त्याच्यासमोरून पाणीपुरी खात जातो. ख्रिस्ती धर्माशी ठाण्याची ओळख पोर्तुगीजांच्याही आधीची. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले आणि ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी पुढे घेऊन गेला. त्या धर्माने वेदना लपवली नाही, उलट वेदीवर मांडली. खिळे, जखम, रक्त. दुःखी मातेच्या छातीत तर तलवार असते, कधी सात तलवारी. मग गोव्यातल्या जुवे बेटावरच्या आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराने, जन्म १९०२, या मेरीला साडी नेसवली. तो जे. जे. सोडून शांतिनिकेतनला गेलेला, अवनींद्रनाथांच्या हाताखाली शिकलेला. गोव्यात त्याच्यावर गहजब झाला: आमच्या देवमातेला हिंदू बाई करतो म्हणून. तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आला आणि १९६७ साली पुण्यातच वारला. पुण्यातल्या वर्षांत त्याची बायको आयव्ही त्याची मॉडेल झाली. त्याच्या मेरीला तलवारी नाहीत. ती जमिनीवर बसते, पोर मांडीवर घेते, पदर सावरते. पाय दुमडून बसलेल्या बाईच्या गुडघ्यावर निऱ्यांना जो ताण येतो तो त्याच्या जलरंगात आहे. मला त्याच्या काही मेरी जरा फारच शांत वाटतात. पण ज्यांनी त्याला हाकललं त्यांना नेमकं काय खुपलं असेल? मला वाटतं, साडी नव्हे. ती शेजारीण वाटत होती, हे खुपलं असावं.

आणि एक नाव घेते, जे या विषयावर बोलणारे बरेचदा घेत नाहीत. नागपूरचे सवी सावरकर, जन्म १९६१. त्यांनी अस्पृश्य माणूस रंगवला, गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला; आणि त्यांनी देवदासी रंगवली. इथे चिन्ह चित्रकाराने शोधलेलं नाही. ते बाईच्या अंगावर समाजानेच बांधलंय. यल्लम्माच्या नावाने मुलीच्या गळ्यात मणी बांधतात, कपाळाला मळवट, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली. कोल्हापूर-सांगलीपासून निपाणी-सौंदत्तीपर्यंतचा हा मुलूख. मुंबई प्रांतात १९३४ साली या प्रथेविरुद्ध कायदा झाला, महाराष्ट्राने २००५ साली पुन्हा केला. एकाच गोष्टीवर दोनदा कायदा करावा लागतो तेव्हा पहिल्याचं काय झालं ते समजून घ्यावं. सावरकरांच्या जाड, ओबडधोबड काळ्या रेषेत गोडवा शोधायला जाऊ नका. त्यांच्या रेषेला ओझं कुठे बांधलंय ते माहीत आहे. माझ्या मते सोळाव्या लेण्यातल्या त्या अनाम रंगाऱ्यानंतर बाईंचा नियम इतक्या निष्ठुरपणे पाळणारे ते एक. हे मत पुष्कळांना आवडत नाही. एकदा एका चर्चासत्रात मी ते मांडलं तेव्हा समोरच्या रांगेतले दोन जण चहाला उठले.

परदेशातली दोन चित्रं सांगते आणि मग बाईंच्या एका वहीकडे येते.

मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोला १९२५ साली बसचा अपघात झाला. कण्याचं दुखणं जन्मभर राहिलं. १९४४ च्या चित्रात तिने स्वतःचं अंग मधोमध उकललंय. आत कण्याच्या जागी तडकलेला दगडी खांब. वरून पट्ट्यांचा कॉर्सेट, अंगभर खिळे, कमरेला पांढरं वस्त्र. खिळे ख्रिस्ताचे, वस्त्र ख्रिस्ताचं, दुखणं तिचं. तिने चिन्ह उसनं घेतलं आणि स्वतःच्या मापाचं करून घेतलं. दुसरं त्याच्या तीनशे वर्षं आधीचं, स्पेनच्या झुर्बारानचं. संत अगाथा. छळ करणाऱ्यांनी तिचे स्तन कापले. झुर्बारानने तिला उंची वस्त्रांत उभी केलीय आणि हातात ताट दिलंय. ताटात दोन स्तन. लोकांना ते पाव वाटायचे, घंटा वाटायच्या. बेकरीवाल्यांची आणि घंटा ओतणाऱ्यांची ती संत झाली.

बाईंच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. मी भेटायला गेले तर उशाशी चित्रांचं एक जुनं पुस्तक, उघडं पान अगाथाचं. म्हणाल्या, "चेहरा बघ हिचा. पंगतीत वाढायला निघाल्यासारखा." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "चित्र चांगलंय. पण दुखत नाही त्यात."

त्या गेल्यानंतर मला एक वही मिळाली. शाळेची, दोनशे पानी, एका बाजूला रेघा आणि एका बाजूला कोरी, सायन्सच्या प्रॅक्टिकलला असते तशी. कोऱ्या पानांवर फोर-बी पेन्सिलीने सतरा चित्रं. सगळी स्वतःची, आरशात बघून. बहुतेक हातांची, एक पायांचं, तीन मानेची. एक कमरेपासून वरचं, उघडं. डावीकडे शिवणीची आडवी रेघ, जिथे कातडी ओढली गेलीय तिथे बारीक सुरकुत्या, न घाबरता काढलेल्या. गळ्यात मंगळसूत्र. आयुष्यभर ते मधोमध पडलं असणार. आता एक बाजू सपाट झाली, त्यामुळे दोन्ही वाट्या घसरून तिरक्या त्या सपाट बाजूला जाऊन टेकल्यात. काळ्या मण्यांची सर त्यांनी तीनदा खोडून काढलीय. दोनदा चुकली, कारण हाताने सवयीने मधली रेष ओढली असावी. तिसऱ्यांदा जिथे ती खरंच पडत होती तिथे पडली.

ते पान आज इथे पडद्यावर दाखवायचं असं आमचं ठरलं होतं. परवा बाईंच्या सुनेचा फोन आला. म्हणाली, ताई, सासूबाईंचं तसलं चित्र शाळेतल्या माणसांसमोर नको वाटतं हो. मी तिला दहा मिनिटं सगळं समजावलं असतं. अजिंठा, अगाथा, उच्च न्यायालय. नाही समजावलं. म्हटलं, बरं. वही घरी माझ्या कपाटात आहे, ज्याला बघायची त्याने यावं, चहा घेऊन बघावी.

पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात, परीक्षेच्या कागदावर लिहितात तसं, त्यांनी वळणदार अक्षरात 'वस्तुचित्र' असं लिहिलंय. चेहरा पूर्ण आहे. चष्मा नाकावरून जरा घसरलेला. टिकली कपाळावर नाही; चित्राच्या डाव्या कडेला, आरशाच्या काचेवर चिकटवून ठेवलेल्या तीन टिकल्या काढल्यात, त्यातली एक अर्धी सुटलेली.